श्रावण मिस्त्रींची आगबोट

श्रावण थूल मिस्त्रींशी बोलायचं तर त्यांच्या अगदी समोर उभं राहावं लागे. बाजूनं मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसे. माणसाचं तोंड दिसलं की शब्द कळत. हिंगणघाटच्या बाजूला कापसाच्या प्रेसमध्ये बॉयलरवर रिपिटं ठोकण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. रिपिट म्हणजे लोखंडी पत्रे जोडणारी जाड खिळी. ती लाल होईस्तोवर तापवायची आणि भोकात घालायची. मग बाहेरून एकानं घण मारायचा आणि आत बसलेल्यानं लोखंडी ठोकळ्यानं ती दाबून धरायची. आत बसणाऱ्याचे कान जातात. मिस्त्री आत बसत.

स्वतःला ऐकू येत नसल्यानं ते मोठ्यानं बोलत. घाटबोरगावच्या त्या टोकाला त्यांच्या घरी कुठली भाजी केली आहे, हे या टोकाला कळायचं. त्यांची बायको सुभद्रा कपाळावर हात मारून म्हणायची, "अजी, हळू बोला ना. गाव ऐकून राह्यलं." मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघून तितक्याच मोठ्यानं म्हणत, "ऐकू दे. वांगेच तं हायेत."

मी तिथं ग्रामसेविका म्हणून गेले तेव्हा माझं वय तेवीस होतं. वर्ध्याहून पुलगावपर्यंत गाडीनं आणि पुढं बैलगाडीनं जावं लागे. पहिल्याच आठवड्यात मी नदीवर गेले. वाळूतून वर आलेल्या एका मोठ्या गंजक्या पत्र्याजवळ एक उंच, काटकुळा माणूस गुडघे टेकून बसलेला दिसला. हातोडीच्या लाकडी दांड्याचं टोक त्यानं दातांत धरलं होतं, हातोडीचं डोकं पत्र्याला टेकवलं होतं आणि दुसऱ्या हातातल्या दगडानं तो पत्र्यावर टकटक करत होता. मला तो वेडा वाटला. मी निघाले तेवढ्यात त्यानं दांडा तोंडातून काढला.

"भेऊ नका बाई. कानानं नाई येत ऐकू, तं दातानं ऐकतो."

"काय ऐकता?"

"पत्रा जिता हाय का मेला, ते."

"मग?"

"हा जिता हाय," ते म्हणाले, आणि घरी नवीन नातू झाल्यासारखे हसले.

मिस्त्रींना खोटं बोलता येत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माणसांत वावरताना थोडंफार ते बोलतही असतील. पण लोखंडाबाबत त्यांच्या तोंडून खोटं निघत नसे. मी वर्ध्याच्या बाजारातून एक पत्र्याची पेटी आणली होती. हिरवीगार, वर गुलाबाची फुलं. मी कौतुकानं विचारलं, "कशी आहे, मिस्त्री?" त्यांनी खिशातून खरवडणी काढली. ती त्यांच्याजवळ कायम असे, दुसऱ्यांच्या खिशात चंची असते तशी. तळाशी नखाएवढा रंग त्यांनी खरवडला.

"जुनी हाय. सडका पत्रा, वरून रंग मारला. तुमाले फसवलं बाई."

सुभद्रा चिडली. "पोरीनं हौशीनं आनली. सांगाच लागते का सारं?"

"त्यायनं इचारलं ना कशी हाय म्हनून," मिस्त्री खरोखरच गोंधळून म्हणाले.

त्यांची नोकरीही अशीच गेली होती. हे त्यांनी नाही, सुभद्रेनं सांगितलं. बॉयलर तपासायला सरकारी माणूस येणार होता. मालकानं आदल्या दिवशी बॉयलरला काळा रंग द्यायला लावला. दुसऱ्या दिवशी तपासनीस बॉयलरभोवती फिरला, ठीक आहे म्हणाला आणि सही करायला बसला. तेव्हा मिस्त्री पुढं झाले आणि सगळ्यांसमोर एका शिवणीवरचा रंग त्यांनी खरवडून दाखवला. खाली केसाएवढी चीर होती. प्रेस महिनाभर बंद राहिली. ती सुरू झाली तेव्हा मिस्त्रींना फाटकातच थांबवलं. बॉयलरपाशी रोज राबणारे जे चार जण त्या चिरेमुळं मेले असते, तेही फाटकाच्या आत होते. महिनाभर त्यांची चूल बंद राहिली होती. त्यांच्यापैकी कोणी बाहेर आलं नाही.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी एकदा मिस्त्रींना विचारलं.

"वाटलं ना. चीर मालकाले आंधी दाखवाले पाह्यजे होती. तेवढी चूक झाली माही."

आता त्या आगबोटीबद्दल सांगते. नदीकाठचा तो गंजका पत्रा तिचाच होता.

गोऱ्यांच्या काळात, रेल्वे या भागात यायच्या आधी, इथला कापूस नदीनदीनं थेट समुद्रापर्यंत न्यायचं कोणाच्या तरी मनात आलं होतं म्हणे. वर्धा नदी पुढं दुसऱ्या नद्यांना मिळत मिळत गोदावरीला जाते. त्या वाटेनं पुराच्या पाण्यावर एक आगबोट प्रवाहाच्या उलट वर आली. दोन्ही अंगांना पाणी कापणारी चाकं, मधे धुराडं. घाटबोरगावच्या खडकावर ती आपटली आणि तळाचा एक पत्रा फाटला. गावातली माणसं धरून तिथंच ठिगळ मारलं. तोवर पूर ओसरला. पुढच्या वर्षी पुरेसं पाणी आलं नाही. मग रेल्वे आली. बोट न्यायला कोणी परत आलं नाही.

ते ठिगळ मारताना बोटीच्या पोटात बसून रिपिटं दाबून धरणारा माणूस म्हणजे मिस्त्रींचा आजा, कवडू. ज्या माणसाची सावली गावाला चालत नव्हती, त्याला आत बसवलं, कारण आत बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तिथंच तो काम शिकला. तेच काम मुलाकडे गेलं, मुलाकडून नातवाकडे. बहिरेपणही तसंच आलं.

मी गेले त्याच वर्षीच्या पुरानं घाटाची वाळू ओढून नेली आणि शंभरेक वर्षं अर्धी पुरलेली ती बोट जवळजवळ अख्खी उघडी पडली. मिस्त्री रोज तिथं जाऊ लागले. मलाही त्यांनी नेलं. तळाशी, डाव्या अंगाला, ते ठिगळ होतं. बाकीची रिपिटं एका रेषेत, शिवणयंत्रावर घातलेल्या टाक्यांसारखी. ठिगळावरची अकरा मात्र वाकडी, एकेकाचं डोकं कलंडलेलं.

"पयल्यांदाच करत होता ना," मिस्त्री म्हणाले. त्यांनी त्या अकरांवरून बोट फिरवलं. "पन धरलं हाय बाई. आजूक धरलं हाय."

गावाच्या नोंदीत, देवळाच्या शिळेवर, कुठल्याच कागदावर कवडू थूल हे नाव नव्हतं. त्यानं हे जग पाहिलं होतं याची खूण तेवढीच होती.

त्याच हिवाळ्यात गटविकास अधिकारी दौऱ्यावर आले. नागपूरकडचे, तरुण, उत्साही माणूस. त्यांना बोट फार आवडली. पुढच्या मोसमात तालुक्याला विकास-प्रदर्शन भरायचं होतं. बोट दुरुस्त करून तिथं मांडावी असं त्यांच्या डोक्यात आलं. मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, दुरुस्त म्हंजे कशी?"

"चांगली. नवी वाटेल अशी."

"नवी नाई साहेब. जशी होती तशी. रिपिटाच्या जागी रिपिट, पत्र्याच्या जागी तसाच पत्रा. ठिगळ हाय तिथंच. मी करतो. मले रोजी नका देऊ."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "असं करू, लोकांचं मत घेऊ. आता लोकांचं राज्य आहे. लोक म्हणतील तसं करू." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही मतं लिहून घ्या."

साहेबांनी ते वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. मिस्त्रींना कळलं नाही. कोणी आपल्या माणसांना मत विचारतं, ते लिहून ठेवतं आणि तसं वागतं, यावर त्यांचा नुकताच विश्वास बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी हजर. डोक्याला धुतलेला फेटा, हातात शाळेची कोरी वही.

"चला बाई. लोकमत घ्याचं हाय."

पंधरा दिवस आम्ही फिरलो. आधी गाव, मग आजूबाजूच्या वाड्या. मिस्त्री प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत, आणि मग मला म्हणत, "लिवा. जसं बोलले तसंच लिवा. आपल्या मनचं नका टाकू."

मी जसं ते बोलले तसंच लिहिलं. पाटील म्हणाले, ते लोखंड मोडीत काढा आणि मारुतीच्या देवळापुढं मंडप बांधा. लोहार म्हणाला, त्या पत्र्यातून अख्ख्या गावाच्या वखरांना दहा वर्षं पासा, म्हणजे लोखंडी पाती, पुरतील, आणि मिस्त्रींना कोपरानं ढोसून म्हणाला, "अर्धा तू घेजो." डोंगा चालवणाऱ्या ढिवराला भीती वाटली. "चालली तं माह्या डोंग्यात कोन बसन?" नदीपलीकडच्या वाडीत एक खादीवाले गुरुजी होते, सूत कातता कातता बोलले. म्हणाले, ही लुटीची गाडी आहे. आपला कापूस ओढून न्यायला आली होती, देवानं खडकावर आपटली. तिला सजवायचं काय? "गुरुजी, लुटाले आलती हे खरं हाय," मिस्त्री म्हणाले. "पन तिले जोडलं आपल्याच मानसानं."

"तेच तर दुःख आहे," गुरुजी म्हणाले. मी तेही लिहिलं.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायांना मिस्त्रींनी विचारलं तेव्हा त्या आधी लाजल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "जिथं हाय तिथंच राहू द्या न बाप्पा. आमी तिच्या आडून लुगडं बदलतो." मिस्त्रींचा चेहरा उजळला. पंधरा दिवसांत आहे तशा बोटीचा उपयोग सांगणारं ते एकच मत होतं.

सर्वांत कठीण मत घरचं निघालं. मिस्त्रींचा पुतण्या यशवंत मॅट्रिक होऊन पुलगावला रेल्वेत लागला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं, यशवंतलाच त्यांनी वाढवलं होतं. नागपूरला जाऊन साऱ्या वस्तीनं दीक्षा घेतली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. घरातले देव नदीत सोडले होते, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, मेलेली गुरं ओढायचं बंद झालं होतं. यशवंत सुटीला आला होता. त्यानं वही चाळली आणि खाली ठेवली.

"काका, आपन जुनं सारं सोडलं ना? काऊन सोडलं?"

"सोडलं."

"मंग हे काऊन उकरून राह्यले? आज्याले त्या बोटीत घातलं, कारन तो मेला तरी कोनाले फरक पडत नोता. कान गेले त्याचे. तुमचे गेले. ते काय कौतुकानं मांडाची गोष्ट हाय?"

मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

"आपली लाज हाय ते," यशवंत म्हणाला.

"काम हाय ते," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज हळू झालेला ऐकला. "देव सोडला. ढोरं सोडले. काम कसं सोडू? ते तं आपन केलं होतं."

यशवंत उठून बाहेर गेला. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मिस्त्रींचंही नाही. मी पेन हातात धरून बसले होते. मिस्त्री म्हणाले, "लिवा बाई. यशवंत थूल. पुरून टाका म्हनते."

शाळेच्या पटांगणात सभा झाली. कापसाची वेचणी उरकत आली होती, माणसं बरीच जमली. साहेब खुर्चीवर, शेजारी पाटील. मी टेबलाशी कागद घेऊन. मिस्त्री अगदी पुढं, सगळ्यांची तोंडं दिसतील असे बसलेले. त्यांच्या मागं सुभद्रा.

साहेबांनी सांगितलं की शहरातला एक ठेकेदार बोटीचे पत्रे कापून तालुक्याला नेऊन, नवे पत्रे जोडून, रंग देऊन, दिवे लावून प्रदर्शनात मांडायला तयार आहे. फिरतं चाक बसवेल, मुलांना आत बसता येईल. लोकांना ते पसंत पडलं. मग साहेब म्हणाले, "मिस्त्रींचं म्हणणं वेगळं आहे. बोला मिस्त्री."

मिस्त्री उठले. ओरडूनच बोलले, पण चांगलं बोलले. रिपिट कसं तापवतात, कसं दाबतात, ते हातांनी करून दाखवलं. ज्यांना हे करता येतं अशी माणसं आता तालुक्यात दोन-तीन उरली आहेत, म्हणाले. ते मेल्यावर ही बोट सांगेल की हे असं करत होते. वरून रंगवली तर ती काहीच सांगणार नाही. माणसं ऐकत होती. पाटीलसुद्धा ऐकत होते. मला वाटलं, कदाचित होईल.

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "मिस्त्री, तुमी म्हनता तशी केली, तं चालन का पान्यात?"

मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. साहेबांनी त्यांच्याकडे तोंड करून प्रश्न पुन्हा सांगितला.

त्या क्षणी त्यांनी नुसतं 'हो' म्हणायला हवं होतं. चालली असती की नसती, कोण बघायला येणार होतं? सुभद्रेनं त्यांचं धोतर मागून ओढलं, मी पाहिलं.

"नाई," मिस्त्री म्हणाले. "बॉयलर फुटला हाय तिचा. चालवाची तं नवा लागन. नवा घातला, मंग जशी होती तशी राह्यत नाई."

"म्हंजे चालनारबी नाई, सजनारबी नाई?"

"नाई."

आधी एक जण हसला. मग सगळे हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, खरं तर माणसांची सुटका झाली होती. साहेबही हसले. मग हात वर करायला सांगितलं. ठेकेदाराच्या बाजूनं हातांचं रान उभं राहिलं. मोडीच्या बाजूनं काही. शेवटी, "मिस्त्री म्हणतात तसं?"

मिस्त्रींचा हात वर गेला. सुभद्रेनं डोक्यावरचा पदर सावरला आणि हात वर केला. मिस्त्रींनी मागं वळून सगळ्या पटांगणावर नजर फिरवली, सावकाश, जणू प्रत्येक तोंड वाचत होते. मग टेबलाकडे बघितलं. माझ्या हातात पेन होतं. मी सरकारी नोकर होते, सभेत मला मत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. मी खाली मान घालून आकडा लिहिला.

ठेकेदार आला. पत्रे कापण्यासाठी आधी रिपिटं उडवावी लागतात, ते काम त्याच्या माणसांना धड येत नव्हतं. त्यांनी छिन्नीनं पत्रे फाडायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आपलं सामान घेऊन गेले आणि म्हणाले, सरा बाजूला. आठवडाभर ते बोट सोडवत होते, एकेक डोकं उडवून, पत्र्याला ओरखडा न पाडता. डावीकडचं ठिगळ त्यांनी शेवटी ठेवलं. मी तिथं होते. अकरा रिपिटं निघायला अर्धा दिवस लागला. नवव्यापाशी ते थांबले आणि पाणी प्यायले. ठिगळाचा पत्रा सुटून वाळूत पडला तेव्हा ठेकेदाराच्या माणसानं तो बाकीच्या ढिगावर टाकला. मिस्त्रींनी त्याला अडवलं नाही.

"तो पत्रा तरी घरी न्यायचा होता," मी म्हटलं.

"काय करू नेऊन? पत्र्याचा पत्रा हाय आता."

प्रदर्शन तीन दिवस चाललं. निळी-पांढरी बोट, वर झेंडे, दिवे, फिरणारं चाक. गर्दी लोटली. घाटबोरगावची माणसं बैलगाड्या भरून गेली आणि खूश होऊन आली. मिस्त्री गेले नाहीत. प्रदर्शनानंतर ती बोट तालुक्याच्या आवारात एका कडेला पडून राहिली. पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघाले, आणि कधीतरी कोणीतरी ती मोडीत काढली. त्याची कुठं चर्चाही झाली नाही. घाटावरच्या बायांनी लुगडं बदलायला काठ्यांना गोणपाट बांधलं.

माझी बदली झाली. मिस्त्रींना मी त्यानंतर एकदाच भेटले. अमरावतीला जाताना कारंज्याला आमची मोटार थांबली होती. तिथं रस्त्याला ढाबे आहेत, ट्रकांची रांग असते. चहा घेताना एका ट्रकच्या सावलीत स्प्रिंगचे पाटे ठोकत बसलेला उंच माणूस दिसला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. ओळखायला वेळ लागला नाही, पण ते नेहमीसारखे हसले नाहीत.

"गाव सोडलं?" मी विचारलं.

"काम नोतं. इथं हाय."

मग त्यांनी विचारलं, "बाई, साऱ्याइचं मत लिवलं आपन. तुमचं काय होतं?"

मागं ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी त्यांना दिसेल असं, हळूहळू म्हटलं, "जशी होती तशी."

मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी मान हलवली.

"मंग तीन झाले," ते म्हणाले. "नाई, दोनच. सुभद्रा गेली ना पोळ्याच्या आंधी."

ट्रकवाल्यानं त्यांच्या खांद्याला हात लावून काहीतरी खूण केली. ते आडवे झाले आणि पाठीवर सरकत सरकत ट्रकखाली गेले. मी गाडीत बसले तेव्हा त्यांचे पायच बाहेर दिसत होते, तळव्यांना भेगा पडलेले, एका टाचेला चिंधी बांधलेली.